छत्री बदलून पाहिली

३ सप्टेंबर, मंगळवार

जगातल्या यच्चयावत अन्यायांची कुणी क्रमवारी लावायला घेतली, तर माझ्यावरचा अन्याय फार खाली ढकलला जाऊ नये, असा माझा नम्र पण ठाम आग्रह आहे. माझ्या फोटो स्टुडिओत पाऊल टाकणारा प्रत्येक माणूस आधी स्टँडवर उघडून लावलेली पांढरी छत्री बघतो, मग छताकडे बघतो, आणि मग तोच विनोद करतो: "काय हो बाई, आत पाऊस पडतो का?" पासपोर्टच्या फोटोला आलेले आजोबा करतात. वकील करतात. मीटरचं बिल द्यायला आलेला माणूससुद्धा करून जातो. आज एका चार-पाच वर्षांच्या पोरीने केला. तिच्याकडून तरी काही नवं येईल अशी आशा होती. प्रत्येकाला वाटतं, हे जगात पहिल्यांदा आपल्यालाच सुचलं. आणि मलाही दरवेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं हसावं लागतं.

"पाटी लाव," दादा म्हणाला. "पाऊस पडत नाही, छत्री उजेडासाठी आहे."

"मग विचारतील, आत ऊन फार लागतं का."

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. जन्मभर वीज कंपनीत मीटर वाचत घरोघर हिंडला. निवृत्त झाला, वहिनी गेली, मुलगी नोकरीसाठी दूरच्या गावी, म्हणून स्टुडिओवरच्या माझ्या घरात राहायला आला. "तात्पुरता," म्हणाला होता. त्याची उशी आता माझ्या उशीपेक्षा जुनी झाली.

मुख्य बातमी राहिलीच. एका मोठ्या कंपनीला सगळ्या कर्मचाऱ्यांचे फोटो हवेत, ओळखपत्रासाठी आणि संकेतस्थळासाठी. पसंत पडले तर बाकीच्या शाखाही मलाच. हल्ली फोनमुळे जो तो स्वतःच फोटोग्राफर. माझ्याकडे येतात ते ज्यांचा फोन सरकारला मान्य नाही एवढेच. हे काम मिळालं तर स्टुडिओ तगेल. नाही मिळालं तर छत्री घेऊन रस्त्यावर उभी राहीन, तेव्हा मात्र कुणी विनोद करणार नाही.

६ सप्टेंबर, शुक्रवार

तालीम सुरू. फ्लॅश सरळ तोंडावर मारला की भला माणूसही पोलिसांनी पकडल्यासारखा दिसतो. तोच पांढऱ्या छत्रीच्या कापडातून गाळून सोडला की उजेड मऊ होतो, नाकाची सावली विरते, डोळ्यांखालची जाळी पुसट होते. छत्री जितकी जवळ, तितका माणूस सुखी. माझा सगळा धंदा या एका खोटेपणावर उभा आहे.

चाचणीसाठी स्टुलावर दादा. रंग जुळवायला खरं तर करड्या रंगाचं एक कार्ड मिळतं, ते माणसाच्या हातात द्यायचं आणि त्यावरून हिशेब लावायचा. माझं कार्ड केव्हाच कपाटामागे पडलं. गरजही नाही. दादाचा रंग मी जन्मल्यापासून बघतेय. त्याचा चेहरा पडद्यावर घरच्यासारखा दिसला की उजेड बरोबर, हे माझं माप. आजवर कधी चुकलं नाही.

आज मात्र पिवळसर आला. छत्री जुनी; दिव्याच्या उष्णतेने कापड पिकलंय. काड्यांवरून कापड उतरवून नीळ घालून धुतलं. दादा बाजूला बसून हात खाजवत होता.

"साबण बदललास का गं ठकू? अंगाला खाज सुटलीय."

"वास बरा आहे म्हणून नवा आणला."

"वासाला सांग, मी जुन्याच दुर्गंधीत सुखी होतो."

११ सप्टेंबर, बुधवार

धुतलेल्या छत्रीतही पिवळा. नवी कोरी छत्री आणली, तिच्यातही पिवळा. दुकानदाराला फोन करून सुनावलं. तो म्हणाला, बाई, छत्रीत दोष नाही, कापड दुधासारखं आहे. म्हटलं, मग तुमचं दूध नासलंय.

म्हणजे भिंत. समोरच्या भिंतीचा साय रंग उजेड पिऊन परत फेकतो. रविवारी भिंत पांढरी करायची.

दादाने पट्ट्याला खिळ्याने नवं भोक पाडलं. "तुझ्या हातचं जेवून माणूस बारीक होतो, याचं पेटंट घे," म्हणाला. मी म्हटलं, ताटात टाकून उठतोस आणि नाव माझ्या हाताला? खरंच टाकून उठतो हल्ली. म्हातारपणीचे नखरे.

१५ सप्टेंबर, रविवार

भिंत रंगवली. म्हणजे मी रंगवली. दादाने जन्मभर लोकांचे मीटर बघायला जिने चढले. आज शिडीच्या तिसऱ्या पायरीवर बसून राहिला. "तू चालू दे, मी देखरेख करतो." देखरेख करता करता तिथेच डुलकी. धाप लागल्यासारखी पाठ वरखाली होत होती. रंगाच्या वासाने होतं तसं.

२० सप्टेंबर, शुक्रवार

जिंकले!

भिंत पांढरी, छत्री नवी, तरी पिवळा, तेव्हा दोष कॅमेऱ्याचा हे उघड झालं. नवा कॅमेरा घेण्याची ऐपत नाही, पण अक्कल आहे. संगणकावर पिवळा इतका खाली ओढला, निळा एवढा चढवला, डोळ्यांत थोडी सफेदी भरली, आणि दादा पडद्यावर झळकला: टवटवीत, गव्हाळ, आपला दादा. हा सगळा हिशेब संगणकात कायमचा साठवून ठेवला. नाव दिलं 'दादा'. आता कुणाचाही फोटो काढला की एक बटण दाबायचं.

नेमका भाचीचा फोन. "आत्या, बाबांचा आवाज खोल गेल्यासारखा वाटतो. बरे आहेत ना? मी दोन दिवस येऊन जाऊ का?"

"आवाजाचं काय घेऊन बसलीस, चेहरा बघ," म्हटलं आणि ताजा फोटो पाठवून दिला.

लगेच उत्तर. "अय्या, किती छान दिसतायत! मग डिसेंबरात सुटी मिळेल तेव्हाच येते."

दादाला दाखवला. त्याने बराच वेळ पाहिला. "हा कोण देखणा?"

"तूच."

"बरं झालं सांगितलंस. आरशाने फसवलं होतं मला."

३० सप्टेंबर, सोमवार

आज कंपनीचं काम. एक मोठी खोली दिली होती; खिडक्यांना जाड पडदे, जमिनीवर गालिचा, पाणी प्यायला कागदी पेले. सकाळपासून माणसांची रांग. साहेब लोकांना सुरकुती नको, कारकुनांना टक्कल नको, आणि एका बाईंना स्वतःचं नाकच नको होतं. मॅनेजरबाई दारात उभ्या राहून प्रत्येकाची कॉलर सरळ करत होत्या. विनोद किती जणांनी केला ते विचारू नये.

दुसरी छत्री, चंदेरी अस्तराची, दादाने हातात धरायची होती. दुपारी ती हळूहळू कलायला लागली. वळून पाहिलं तर दादा भिंतीला टेकून, कपाळावर घाम.

"दादा, उजेड पडतोय खाली!"

"उजेड नाही, मी पडतोय," म्हणाला आणि खुर्चीत बसला. मॅनेजरबाईंनी साखरेचं पाणी दिलं. मी घाईघाईने छत्री स्टँडला बांधली. अजून निम्मी रांग बाकी होती.

सामान आवरताना म्हणाला, "ठकू, एवढ्या लोकांचे काढलेस, माझाही एक नीट काढून ठेव. कोट घालून."

"का, स्थळ आलंय?"

"येईल की. तयार असलेला बरा."

म्हटलं, सवडीने काढू. रोजच तर काढतेय.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

सगळे फोटो 'दादा' बटणाखालून काढून कंपनीकडे रवाना. एकेकाकडे नीट बघायला डोळ्यांत त्राण नव्हतं. दादा दिवसभर झोपून आहे. मी त्याला आळशी म्हटलं, त्याने नुसता हात हलवला. उलट उत्तर नाही, हे काही मला आवडलं नाही.

८ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी मॅनेजरबाईंचा फोन. आवाजात बर्फ.

"बाई, तुम्ही आमच्या माणसांचं काय केलंत?"

"काय झालं?"

"ओठ निळे, गाल निळे. सगळी शवागारातून उठून आल्यासारखी दिसतात. साहेब विचारतायत, हे ओळखपत्रासाठी आहे की ओळख पटवण्यासाठी?"

मी म्हटलं, तुमच्या संगणकाच्या पडद्यात दोष असेल. त्या म्हणाल्या, सगळ्यांच्याच? फोन ठेवून फोटो उघडले. बाईंचं खरं होतं. रांगेने मुडदे. बटण काढून मूळ फोटो पाहिले, तर सगळे ठणठणीत. गुलाबी, सावळे, काळे, गोरे, ज्याचा त्याचा रंग. म्हणजे छत्री बरोबर. कॅमेरा बरोबर.

दुरुस्तीच तेवढी चूक होती. आणि ती दुरुस्ती मी एकाच चेहऱ्यावरून बेतली होती.

कोरा पांढरा कागद घेतला, स्टुलावर ठेवला, छत्री लावली, फोटो काढला. कागद पांढरा. मग दादाला हाक मारली. तो जिना उतरत आला, कठडा धरून.

"हा कागद गालाशी धर."

"काय चाललंय? छत्री की भिंत?"

"धर आधी."

पडद्यावर कागद पांढरा होता आणि त्याला चिकटलेला दादाचा गाल हळदीचा. डोळ्यांचं पांढरं पांढरं नव्हतं.

"दादा, लघवीचा रंग कसा आहे?"

"बहिणीने भावाला विचारायची गोष्ट आहे का ही?"

"सांग."

"चहासारखा. बिनदुधाच्या."

"कधीपासून?"

तो विचार करून म्हणाला, "तू भिंत रंगवलीस ना, त्याच्याही आधी."

"मग बोलला का नाहीस?"

"तू रंगांच्या मागे लागली होतीस. म्हटलं हिचं काम होऊ दे, मग सांगू. दुखत तर काही नव्हतं."

मी छत्री मिटली. ती एकदम मिटेना, एक काडी अडकली होती. मी ती काडी ओढत बसले. दादाच म्हणाला, "राहू दे गं, चल."

१२ ऑक्टोबर, शनिवार

दवाखाना. चार दिवसांत दादाच्या पोटाचे जेवढे फोटो निघाले, तेवढे चेहऱ्याचे जन्मात निघाले नसतील. स्वादुपिंडात गाठ आहे, तिने पित्ताची वाट दाबून धरलीय. आता यकृतातही डाग दिसतात. पित्ताला वाट करून द्यायला नळी घालणार. कापून काढण्याची वेळ गेली.

डॉक्टरीणबाई वयाने माझ्या भाचीएवढ्या. हातात पेन, डोळे दमलेले.

"थोडं आधी आला असता तर ऑपरेशनचा विचार तरी करता आला असता. दुखलं नाही, हेच वाईट झालं. पिवळेपणा कधीपासून दिसत होता?"

मी मोबाईलवर मूळ फोटो उघडून दिले. तालमीचे, तारखेवार. त्या एकेक सरकवत गेल्या. पहिल्यात साय, मग पिकलं केळं, मग हळद.

"हे रोज काढत होता?"

"हो."

"आणि कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

"आलं होतं," मी म्हटलं. "छत्री बदलली. मग भिंत रंगवली."

त्यांना कळलं नाही. मी समजावूनही सांगितलं नाही. हे लिहितानाही पेन पुढे सरकत नाहीये. मी कुणावरही तोंडसुख घ्यायला कधी कचरले नाही. आज स्वतःवर घ्यावं म्हटलं तर एक शब्द सापडत नाही.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

कंपनीचे फोटो बटण काढून पुन्हा पाठवले. मॅनेजरबाई म्हणाल्या, आता एकदम जिवंत. बाकीच्या शाखाही मिळतील म्हणे. 'दादा' बटण संगणकातून पुसून टाकलं. खरंच पुसायचंय का, असं संगणकाने दोनदा विचारलं.

भाचीला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आत्या, तो फोटो..."

"हो."

"मी तेव्हाच येणार होते."

"हो."

ती शुक्रवारी पोचतेय.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

पुरुषांचा वॉर्ड. हाडं आणि पोटं एकाच खोलीत. दादाच्या शेजारच्या खाटेवर एक ट्रक ड्रायव्हर आहे, पायाला मांडीपर्यंत प्लास्टर. दोघांचं जमलंय. दादा त्याला कुठल्या घरात कुत्रं कसं अंगावर आलं ते सांगतो, तो दादाला कुठल्या घाटात ब्रेक कसा गेला ते. दोघेही खोटं बोलतात आणि दोघांनाही माहीत आहे.

आज दादा म्हणाला, "पोरगी उद्या येतेय. माझा तो फोटो काढ आता. आणि मला पिवळा काढू नकोस हं. जन्मभर उन्हात काळा, आता शेवटाला पिवळा, हे बरं दिसत नाही."

"काळा-पांढरा काढते."

"हुशार आहेस. वेळ लागतो तुला, पण आहेस."

हे तो चिडवायलाच म्हणाला. मी हसले. मग बाहेर जाऊन पाणी पिऊन आले.

घरून कॅमेरा, छत्री आणि कोट घेऊन आले. त्याची दाढी वाढली होती आणि रेझर आणायला मी विसरले होते. ड्रायव्हरने आपल्या कपाटातून स्वतःचा काढला. "घ्या दादा. नवंकोरं पातं आहे. शेवटचंच होतं, पण तुमच्या फोटोला लागू दे."

"उद्या माझी बहीण अख्खं पाकीट आणून देईल तुम्हाला," दादा म्हणाला.

"कसली घाई."

दादाला रेझर धरवेना, म्हणून दाढी मीच केली. गाल आत गेलेले. खळग्यात पातं बसेना. त्याला जिभेने गाल आतून फुगवायला सांगितलं. लहानपणी तो मला हसवायला असाच गाल फुगवायचा. आत्ताही त्याने डोळे फिरवून दाखवलेच.

सिस्टरने दोन मिनिटांची परवानगी दिली. स्टँड आणला नव्हता. ड्रायव्हर म्हणाला, "इकडे द्या छत्री, मी धरतो."

"हलवू नका."

"बाई, भरलेला ट्रक सरळ धरतो मी, ही काय."

त्याने पडल्यापडल्या हात लांब करून धरली. छत्री दादाच्या अगदी जवळ आली, काड्यांसकट त्याच्या बुबुळांत उतरली. वर शर्ट-कोट, खाली दवाखान्याची चादर. समोरच्या खाटेवरचा म्हातारा ओरडला, "ए, आत पाऊस पडतो का रे?" वॉर्डभर हसू झालं. दादाही हसला. तेव्हाच बटण दाबलं.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

ताप उतरत नाही. नळीच्या जागी जंतुसंसर्ग. भाची उशाशी बसून असते. माझ्याशी बोलते, औषधाचं, डब्याचं. दादाचा फोटो तिला दाखवला. तिने हातात धरून ठेवला, मग विचारलं, "हा खरा आहे ना आत्या?"

मी म्हटलं, रंग नाही त्यात. बाकी आहे तसा आहे.

२७ ऑक्टोबर, रविवार

दादा पहाटे गेला.

४ नोव्हेंबर, सोमवार

भाची काल परत गेली. जाताना दारात थांबली, माझा हात हातात घेतला, आणि काही न बोलता रिक्षात बसली. बोलली असती तर बरं झालं असतं, असं तिच्या मागे वाटलं. काय बोलली असती ते मात्र मनातल्या मनातही मी पुरतं होऊ दिलं नाही.

दुपारी दवाखान्यात गेले. कोपऱ्यावरच्या दुकानातून पात्यांचं पाकीट घेतलं होतं. दादाच्या खाटेवर आता कुणी दुसरा माणूस तोंडावर चादर ओढून झोपला होता. ड्रायव्हर तसाच, पाय टांगलेला, दाढी चांगलीच वाढलेली. मला पाहून उठायला गेला.

"पडून राहा," म्हटलं.

इकडचं तिकडचं बोलणं झालं. प्लास्टर कधी काढणार, घरून कुणी आलं का, एवढंच. मग त्याने आजूबाजूला बघून आवाज खाली आणला.

"बाई, एक सांगता का? माझे डोळे बघा जरा. दादांचं बघितल्यापासून रोज आरशात बघतो, मला पिवळेच दिसतात. इथले लोक काही नाही काही नाही म्हणतात आणि पुढे जातात. तुम्हाला त्यातलं कळतं."

काही नाही हो, छान दिसताय. हे वाक्य मी दिवसातून कितीदा म्हणते त्याला गणती नाही. जिभेवर आलंच होतं.

वॉर्डात भर दुपारी दिवे चालू होते. मी त्याच्या डोक्यावरचा दिवा बंद केला. खिडकीचा पडदा पूर्ण सरकवला. चेहरा उजेडाकडे करायला सांगितला आणि अंगठ्याने डोळ्याखालची पापणी ओढून बघितलं. मग दुसऱ्या डोळ्याचं. मग परत पहिल्याचं. तळहात मागितले, तेही बघितले. तो श्वास धरून होता. लहान पोरासारखा वर बघत होता.

"पांढरे आहेत," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की. दोन्ही."

त्याने सुस्कारा सोडला, आणि लगेच प्लास्टरमध्ये पट्टी घालून पाय खाजवायला लागला. मी पात्यांचं पाकीट त्याच्या कपाटात, रेझरच्या शेजारी ठेवलं.

"हे कशाला, बाई?"

"दादाने सांगितलं होतं," म्हटलं, आणि निघाले.